बापूजी सायकलवर का आले

लुधियाना,
२७ फेब्रुवारी

जसमेर वीरे,

सत श्री अकाल. इकडे सगळं ठीक. तुझ्या मेहुण्याचा, तरलोचनचा, खोकला गेला, माझ्या शाळेच्या परीक्षा पुढच्या आठवड्यात आहेत, गच्चीवर कुंड्यांत मेथी चांगली आली आहे. बापूजी आतल्या खोलीत झोपले आहेत. उजवा गुडघा सुजलाय आणि बीपी जरा वर आहे, बाकी काही नाही. काल लगेच दवाखान्यात नेऊन ईसीजी काढून आणला. डॉक्टरांनी दोन दिवस झोपून राहायला सांगितलंय.

खुशाली संपली. आता भांडायचं.

काल तू तीनदा फोन केलास आणि तिन्ही वेळा मी तोंड उघडलं की ठेवून दिलास. पत्र असं ठेवून देता येत नाही. फाडता येतं, पण फाडायच्या आधी माणूस वाचतोच.

तुझं बोलणं शब्दन् शब्द लक्षात आहे माझ्या. "तूच बोलावलंस त्यांना. हार्टच्या पेशंटला चाळीस किलोमीटर सायकल मारायला लावलीस. वाटेत मेले असते म्हणजे तुझं वजन आणखी दोन किलो उतरलं असतं, होय ना?"

हे तू तुझ्या सख्ख्या बहिणीला म्हणालास.

मी बोलावलं नव्हतं. गुरू ग्रंथसाहेबांसमोर उभी राहून सांगेन. काल दुपारी दीडच्या सुमारास मी मुळे चिरत होते. बेल वाजली. दार उघडलं तर बापूजी. पगडी एका बाजूला कललेली, दाढी धुळीने भुरी झालेली, एक हात भिंतीला आणि एक हँडलला. सायकल तुझ्या गुरनूरची, तो कॅनडाला गेल्यापासून तुझ्या कोठीत पोत्यांखाली पडलेली ती गिअरची. मी म्हटलं, "बापूजी, कुणी आणून सोडलं तुम्हाला?" तर म्हणतात, "पाणी दे. आणि मागच्या चाकाचा आउट बघ जरा, डगमगतंय. मुल्लांपूरपासून घासत येतंय."

एकतीस वर्षं सायकलच्या कारखान्यात चाकांचा आउट काढण्यात घालवलेला माणूस. छातीत दोन स्टेंट, वय एकाहत्तर, पहाटे पाचला जगरांवहून निघालेला, आणि त्याला काळजी चाकाची!

मी काय केलं सांगू? पाणी नाही दिलं आधी. ओरडले. शेजारची बाई बाहेर आली इतकी ओरडले. मग पाणी दिलं.

आता तुझ्याकडच्या दीड महिन्याबद्दल. बापूजी लोहडीच्या दुसऱ्या दिवशी तुझ्याकडे आले तेव्हा त्यांची उपाशीपोटीची साखर एकशे अठ्ठावीस होती. आज सकाळी दोनशे सेहेचाळीस निघाली. कुडता पोटावर ताणलेला. तुम्ही काय काय खाऊ घातलंत ते मला माहीत आहे, कारण भाभीने फोनवर मला जळवायला सगळं सांगितलं होतं. सकाळी आलूचे पराठे, त्यावर लोण्याचा गोळा. दुपारी साग आणि मक्याची रोटी, त्यावर पुन्हा लोणी. संध्याकाळी चहाबरोबर तुपात थबथबलेले पिन्नीचे लाडू, एक नाही, दोन. रात्री वाटीभर गोड गाजरेला. "बिचारे तिकडे दुधी खाऊन खाऊन दुधीसारखे झाले होते," भाभी म्हणाली. मागून तुझं हसणंही ऐकलं मी.

होय, दुधी. होय, दलिया. होय, दोन फुलके, तूप न लावता. ऑगस्टमध्ये त्यांना आयसीयूत ठेवलं तेव्हा डॉक्टरांनी कुणाला बाहेर बोलावून सांगितलं की वीस किलो उतरवा नाहीतर परत इथेच भेटू? मला. तू कुठे होतास? धानाचा हंगाम तोंडावर आला होता, मंडीत आडतीच्या गादीवर बसला होतास. मी दोष देत नाही, हंगाम हंगाम असतो. पण मग डबा घेऊन दिवाळीला येणारा भाऊ मला डॉक्टरी शिकवणार असेल तर ते मी ऐकून घेणार नाही.

पहिल्या दिवशी त्यांना सायकलवर टांग टाकता आली नव्हती, हे तुला ठाऊक आहे? मी माझी लेडीज सायकल दिली. गल्लीतली माणसं बघत होती. "बचनसिंगा, माहेरी चाललास काय?" असं कोणीतरी म्हणालं आणि बापूजी स्वतःच खदखदून हसले. महिन्याभराने सिधवां कालव्यापर्यंत जायला लागले. मी पुढे, ते मागे. रोज दहा किलोमीटर. वाटेत भेटेल त्या सायकलवाल्याला थांबवून सांगायचे, "भाऊ, तुमचा एक स्पोक ढिला आहे, आवाज येतोय." सुरुवातीला मला लाज वाटायची. नंतर तेच लोक त्यांची वाट बघायला लागले. लोहडीपर्यंत अकरा किलो उतरवले त्यांनी. मी दोन वर्षांत बावीस उतरवले, त्यांनी पाच महिन्यांत अकरा. आणि मग तू येऊन त्यांना घेऊन गेलास.

इथे पेन खाली ठेवलं. बाकीचं उद्या लिहीन.

२८ फेब्रुवारी, सकाळ

रात्रभर ते शेवटचं वाक्य डोक्यात होतं. खोडणार नाही, राहू दे. पण ते खरं नाही. दीड महिना मी सगळ्यांना तेच सांगत आलेय. तरलोचनला, शाळेत, मामीला. जसमेर आला आणि बापूजींना उचलून घेऊन गेला.

तू आला नव्हतास. त्यांनी तुला बोलावलं होतं. आणि त्यांनी का बोलावलं, हे त्यांनी तुला सांगितलं नसणार. मला तेवढं ओळखता येतं त्यांना. सांगितलं असतं तर परवा फोनवर तू तेच काढलं असतंस.

लोहडीच्या दिवशी माझे सासू-सासरे आले होते, समोरचे ढिल्लों आले होते. शेंगदाणे, रेवड्या, सगळं अंगणात. मी बापूजींच्या खोलीत चादर काढायला गेले तर उशीच्या अभ्र्यात पिन्न्या. सहा. भाभीने दिवाळीला दिलेल्या डब्यातल्या नव्हेत, कुठून तरी विकत आणलेल्या. माझं डोकं फिरलं, वीरे. मी ती उशी तशीच उचलून अंगणात आणली, सगळ्यांसमोर झटकली. पिन्न्या फरशीवर घरंगळल्या. मग आतून वजनकाटा आणला आणि म्हटलं, "चढा. सगळ्यांना बघू दे चोर किती किलोचा आहे."

ते चढले. मी "चढा" म्हटलं आणि ते चढले. माझ्या सासऱ्यांनी मान फिरवली. बापूजी काट्यावर उभे राहून खाली बघत राहिले आणि म्हणाले, "चष्मा नाही, पुत्तर. तूच वाच."

आणि मी वाचलं. मोठ्याने. वर असंही म्हटलं की मरायचंच असेल तर जसमेरच्या घरी जाऊन मरा, माझ्या दारात नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकल काढून त्यांना हाक मारली तर ते पिशवी भरून बसले होते. तू अकराला आलास.

तर त्यांना न्यायला आलास तेव्हा अंदाजाने तू म्हणालास ते "म्हाताऱ्या बापाला घरातून हाकललं" खरं आहे. मी तुला तेव्हा खोटारडा म्हटलं ते मागे घेते. तेवढंच मागे घेते. बाकी एक शब्द नाही.

कारण ते परत का आले ते अजून तुला माहीत नाही. तुला वाटतंय मी बोलावलं. भाभीला वाटतंय रुसून आले. काल संध्याकाळी गुडघ्याला शेक देत होते तेव्हा मी विचारलं, "बापूजी, मी तुम्हाला एवढं बोलले, तरी माझ्याकडे का आलात?"

म्हणाले, "तुझ्याकडे नाही आलो. जसमेरसाठी आलो."

मग सांगितलं. गेल्या बुधवारी तू कोठीच्या जिन्यावर बसला होतास. घामाने शर्ट भिजलेला, थंडीत. डावा हात छातीवर. जिभेखाली गोळी ठेवत होतास. बापूजींनी ती गोळी लगेच ओळखली, तीच त्यांच्या खिशात असते. तू त्यांना म्हणालास की पाच-सहा महिने झाले, मंडीतल्या डॉक्टरने लिहून दिली आहे, जिना चढला की होतं, नंतर जातं. मोठ्या दवाखान्यात तपासणी सांगितलीय, बघू गव्हाच्या हंगामानंतर. आणि मग तू त्यांना तुझी शपथ घातलीस.

"म्हणाला, बापूजी, बलजिंदरला सांगू नका, रडत बसेल. आणि कुलबीरला तर मुळीच सांगू नका. तिला हसायला मिळेल."

मला? हसायला?

मी विचारलं, "मग बसने का नाही आलात? फोन का नाही केला?" तर तुझा बाप काय म्हणतो ऐक. "मी त्याला म्हटलं, उद्यापासून तू पण माझ्याबरोबर सायकल मार, पराठे बंद कर. तर म्हणतो, आपल्याच्याने आता काय होतंय बापूजी, आपला गाडा असाच चालायचा. मी जेवायला बसलो की तो बसतो. मी एक पराठा घेतला की तो दोन घेतो. म्हणतो, बापूजींना सोबत. माझ्या नावावर खातोय तो. बसने आलो असतो तर म्हणाला असता म्हातारा रुसला. सायकलने आलो तर घाबरेल. घाबरू दे. एकाहत्तराच्या माणसाच्याने काय होतं ते बघू दे."

साडेआठ तास लागले त्यांना. मुल्लांपूरला गुरुद्वाऱ्यात तासभर आडवे झाले. दोनदा उतरून चालले. वाटेत एका ढाब्यावर भाजलेले चणे आणि ताक, एवढंच. एवढा जीव धोक्यात घातला, तुझ्यासाठी. आणि तू मला फोनवर विचारतोस की मी त्यांना मारायला निघाले होते का! वीरे, तुझी अक्कल गव्हाच्या पोत्यात बांधून विकलीस काय?

छातीत कळ येते आणि माणूस हंगाम बघतो. आपली आई, बीजी, तशीच गेली ना? "लग्न होऊन जाऊ दे, मग डोळे दाखवू, मग साखर दाखवू." आपण तिच्या चितेजवळ उभं राहून काय बोललो होतो? तूच बोलला होतास. तुझा खांदा धरून मी रडले होते.

आता ते हसण्याचं.

मी रात्री बराच वेळ आठवत होते की याला असं का वाटलं. आणि आठवलं. मामाच्या रमणीकचं लग्न, गेल्या नोव्हेंबरात. मी तेव्हा नुकते बावीस किलो उतरवले होते, नवा सूट शिवला होता, सगळ्या बायका विचारत होत्या कसं केलंस, आणि मी हवेत होते. तू जेवणाच्या मांडवात आलास, खुर्चीवर बसलास, खुर्ची करकरली. मी सगळ्या टेबलाला ऐकू जाईल असं म्हटलं, "अरे, कुणीतरी वीरेसाठी दोन खुर्च्या आणा." सगळे हसले. तूही हसलास. ताट घेतलंस आणि बाहेर ट्रॅक्टरजवळ उभा राहून जेवलास. मी बघितलं होतं. बघून न बघितल्यासारखं केलं.

पाच-सहा महिने म्हणालास ना बापूजींना? म्हणजे तेव्हा तुझ्या खिशात ती गोळी होती.

मला स्वतःचा इतका संताप येतोय की लिहिताना दोनदा कागद फाटला. मी शहाण्णव किलोची होते तेव्हा शाळेतली पोरं मागून काय म्हणायची ते मला माहीत होतं. तरी मी तेच केलं. दुधी शिजवायला शिकले, सायकल शिकले, मोजूनमापून खायला शिकले, आणि जीभ तेवढी तशीच सुटी सोडली.

पण याचा अर्थ असा नाही की तू सुटलास. मी वाईट बोलले म्हणून तू मरणार? ही कुठली मर्दानगी?

एक गोष्ट सांगायची राहिली. बापूजींनी शपथ मोडली, पण मी काही शपथ घेतलेली नाही. या पाकिटावर मी तुझं नाव घातलेलं नाही. बलजिंदर भाभीचं घातलंय. म्हणजे तू हे वाचतोयस तेव्हा तिचं आधीच वाचून झालंय आणि ती तुझ्या समोर उभी आहे. ओरड तिच्यावर किती ओरडायचं ते. मग गाडीत बस.

भाभी, तो "हंगामानंतर" म्हणेल. ऐकू नकोस. 

तुझी बहीण, जिला तू काय म्हणायचं ते म्हण,
कुलबीर


लुधियाना,
३० मार्च

वीरे,

तू भाभीला सांगितलंस, "येऊ दे तिला आत, पण बोलू नको म्हणावं." म्हणून मी आज दोन तास तुझ्या पलंगाशेजारी स्टुलावर बसून होते आणि एक अक्षर बोलले नाही. नर्सने मला विचारलं, "तुम्ही मुक्या आहात का?" तू डोळे मिटून होतास, पण तुझ्या मिशा हलल्या. मी पाहिलं.

बोलायची बंदी आहे, लिहायची नाही.

तुझ्या हृदयाच्या तीन नळ्या बंद होत्या. तीन! त्या पांढऱ्या कोटातल्या पोराने भाभीला सांगितलं की गव्हाच्या हंगामापर्यंत हा माणूस टिकला नसता. हे ऐकून मला कुणाला तरी मारावंसं वाटलं आणि जवळ तूच नव्हतास, ऑपरेशनच्या खोलीत होतास. मग बाहेर पायऱ्यांवर बसून राहिले. बापूजी शेजारी येऊन बसले. सहा तास आम्ही दोघं तिथेच. ते जपजीचा पाठ म्हणत होते.

भाभी म्हणाली, पत्र वाचल्यावर तू तिला पहिलं काय म्हणालास तर, "ती खुर्चीची गोष्ट तिच्या लक्षात आहे?"

आहे. मागच्या पत्रात मी पानं भरून लिहिलं आणि एक शब्द लिहायचा टाळला, तू तो शोधला असशील. म्हणून आता लिहिते. माफ कर. त्या खुर्चीसाठी माफ कर. बापूजींची मी मागितली, पत्र टाकून आले त्याच संध्याकाळी. ते म्हणाले, "कारखान्यात काट्यावर मी पुष्कळदा माल चढवला, एकदा स्वतः चढलो." आणि बाहेर जाऊन सायकल पुसत बसले. माफ केलं की नाही ते सांगितलं नाही. तूही सांगू नकोस, घाई नाही.

आता भांडणाचा मुद्दा. दवाखान्यातून सुट्टी मिळाल्यावर तू माझ्याकडे महिनाभर राहायचं असं मी ठरवलं होतं. दवाखाना जवळ, सपाट रस्ता, कालवा. खोलीही लावून ठेवली. बापूजी म्हणतात, नाही. "मी जाणार जगरांवला त्याच्याबरोबर. त्याला आधी चालवीन, मग सायकलवर बसवीन. जेवण बलजिंदर करेल, मी सांगेन तसं. तुला नाही जमायचं, कुलबीर. तू मास्तरीण आहेस, तू ओरडतेस."

माझ्या तोंडावर म्हणाले. ज्या माणसाला मी टांग टाकायला शिकवली, तो!

मला राग आला, अजून आहे. रात्री जेवले नाही. पण सकाळी त्यांची पिशवी मीच भरली. गोळ्यांचा डबा वरच्या कप्प्यात आहे, गुडघ्याचा पट्टा खाली, नाश्त्याला काय काय चालतं ते भाभीला कागदावर लिहून दिलंय. एकाच कागदावर, दोघांसाठी. त्यात पराठा आहे. रविवारी, एक, कमी तेलाचा. मी लिहिलाय, माझ्या हाताने, दातओठ खाऊन का होईना पण लिहिलाय, याची नोंद घे.

उद्या पाच वाजता भेटीच्या वेळेला पुन्हा येईन. तू मान भिंतीकडे फिरवून झोप हवं तर. मी बसेन.

बोलू नको म्हटलंस म्हणून आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसलेली,
तुझी धाकटी,
कुलबीर